वांगासाठी इंजेक्शने: ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, पीआरपी की ग्लुटाथायोन?

चाफेकळी (प्रश्न)

माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर गेली सहा वर्षे वांग आहेत. दुसऱ्या गरोदरपणात ते प्रथम उमटले, बाळंतपणानंतर काहीसे फिके झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गडद झाले. तेव्हापासून हा क्रम थांबलेला नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉइड यांचे एकत्रित मलम मी दोन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे दोन महिने वापरले. दोन्ही वेळा डाग निम्म्याहून अधिक फिके झाले आणि दोन्ही वेळा मलम थांबवल्यावर तीन-चार महिन्यांत होते तिथे परत आले.

अलीकडे एका सौंदर्योपचार केंद्रात चौकशी केली, तेव्हा तिथे तीन प्रकारची इंजेक्शने सुचवण्यात आली. पहिले, डागांमध्ये ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड टोचणे. दुसरे, स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव, म्हणजे पीआरपी टोचणे. आणि तिसरे, ग्लुटाथायोन व क जीवनसत्त्व सलाईनमधून शिरेत देणे. तिन्हींची माहितीपत्रके माझ्यासमोर आहेत. प्रत्येकावर ‘उपचारापूर्वी’ आणि ‘उपचारानंतर’ अशी छायाचित्रे आहेत, आणि ‘नंतर’चे चेहरे तिन्हींत सारखेच तेजस्वी आहेत, त्यामुळे त्यांवरून काही ठरवता येत नाही.

या तिन्हींची एकमेकांशी तुलना कशी करावी, कोणत्याच्या मागे खरोखर अभ्यास आहेत, धोका कशात किती आहे आणि परिणाम किती काळ टिकतो, हे जाणकारांनी सांगावे. माझे वय ३८ आहे, रक्तदाब आणि साखर ठीक आहे आणि गर्भनिरोधक गोळीखेरीज कोणतेही औषध चालू नाही.

पानगळ

मी बरीच वर्षे त्वचारोग विभागात काम करतो. आपल्या प्रश्नातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो. गर्भनिरोधक गोळीत जर इस्ट्रोजेन असेल, तर ती गोळी वांग टिकवून ठेवणाऱ्या कारणांपैकी एक असू शकते. आपले वांग गरोदरपणात सुरू झाले, म्हणजे आपल्या रंगपेशी संप्रेरकांना प्रतिसाद देतात हे आधीच दिसले आहे. मलमाने गेलेले डाग परत का येतात, याचे निदान अर्धे उत्तर त्या गोळीच्या पाकिटात असण्याची शक्यता आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका, परंतु स्त्रीरोगतज्ज्ञांना वांगाचा संदर्भ देऊन दुसरा मार्ग विचारा. त्याचबरोबर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड सुचवणाऱ्या व्यक्तीलाही ही गोळी चालू असल्याचे सांगायला हवे. ते का, हे पुढे येईल.

आता तुलनेबद्दल. माहितीपत्रकांत ही तीन इंजेक्शने एका रांगेत मांडलेली असली, तरी सुई कुठे जाते यावरून त्यांचे दोन वेगळे गट पडतात. पहिली दोन इंजेक्शने त्वचेच्या आत, डागाच्या जागीच दिली जातात. तिसरे रक्तात जाते आणि तिथून सर्व शरीरात. पहिल्या गटातील उपचार फसला, तर बहुतेक वेळा तो चेहऱ्यापुरता फसतो. दुसऱ्या गटाचे तसे नाही.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे मुळात रक्तस्राव थांबवणारे औषध आहे. शोसुके आणि उताको ओकामोतो या जपानी संशोधक दांपत्याने १९६२ साली ते जगासमोर आणले. त्याचा वांगाशी असलेला संबंध मात्र योगायोगाने कळला. १९७९ साली जपानमध्येच निजो सादाको यांनी जुनाट पित्ताच्या गांधींसाठी हे औषध घेणाऱ्या रुग्णाचे वांग फिके झाल्याचे नोंदवले. त्यामागचे कारण साधारण असे सांगितले जाते: उन्हामुळे त्वचेच्या वरच्या थरातील पेशींमध्ये प्लाझ्मिन या विकराची हालचाल वाढते, त्यातून ॲराकिडॉनिक आम्ल आणि प्रोस्टाग्लँडिन तयार होतात आणि हे पदार्थ शेजारच्या रंगपेशींना जास्त मेलॅनिन बनवायला चिथावतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची घडण लायसिन या अमिनो आम्लासारखी असल्यामुळे ते प्लाझ्मिनोजेनच्या, म्हणजे ज्यापासून प्लाझ्मिन बनते त्या प्रथिनाच्या, जोडजागा अडवते आणि ही साखळी मध्येच तोडते. वांगाच्या जागी सूक्ष्म रक्तवाहिन्याही वाढलेल्या असतात. त्यांची वाढ रोखण्यातही या औषधाचा हात असावा असे मानले जाते, आणि हायड्रोक्विनोन नेमके तेवढे काम करत नाही.

त्वचेत टोचण्याच्या पद्धतीवरचा सर्वाधिक उल्लेखला जाणारा अभ्यास २००६ साली कोरियात झाला. त्यात १०० स्त्रियांना मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम एवढे पातळ केलेले औषध दर आठवड्याला, १२ आठवडे टोचण्यात आले. प्रत्येक टोचणीत ०.०५ मिलिलिटर, आणि दोन टोचण्यांत एक सेंटिमीटर अंतर. अभ्यास पूर्ण केलेल्या ८५ जणींमध्ये वांगाची तीव्रता मोजणारा मासी हा निर्देशांक सरासरी १३.२२ वरून ८ आठवड्यांनी ९.०२ आणि १२ आठवड्यांनी ७.५७ एवढा खाली आला. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत.

मात्रेचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. एका टोचणीत ०.२ मिलिग्रॅम औषध जाते. एका बैठकीत चाळीस टोचण्या धरल्या तरी एकूण ८ मिलिग्रॅम होते. हेच औषध वांगासाठी तोंडाने देतात, तेव्हा साधारणपणे २५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, म्हणजे रोज ५०० मिलिग्रॅम, आणि तेही काही महिने. रक्तात गुठळी होण्याचा जो धोका या औषधाबद्दल सांगितला जातो, तो प्रामुख्याने गोळ्यांच्या संदर्भात आहे. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळीही तो धोका वाढवत असल्याने, ती चालू असताना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या देऊ नयेत. त्वचेतील इंजेक्शनांत मात्रा नगण्य असली, तरी आधी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असणे, घरात तसा इतिहास असणे, पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा विकार असणे या गोष्टी विचारल्याशिवाय सुई हाती घेणाऱ्याकडे जाऊ नये. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात हा विषय पुढे ढकललेलाच बरा.

पीआरपीबद्दल अधिक जाणणारे कोणी लिहील अशी आशा आहे. ग्लुटाथायोनविषयी मी नंतर लिहितो.

मधली ओळ

मी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची इंजेक्शने घेतलेली आहेत, म्हणून माहितीपत्रकात नसलेला भाग सांगते.

आधी चेहऱ्यावर बधिर करणारे मलम थापून मला पाऊण तास बसवले होते. त्यानंतर डॉक्टरांनी पांढऱ्या पेन्सिलीने डागांवर टिंबे काढली. सुई इन्सुलिनच्या सिरिंजची, अगदी बारीक होती. औषध योग्य थरात गेले की त्या जागी मसुराच्या दाण्याएवढा फिकट फुगवटा येतो. माझ्या डॉक्टर प्रत्येक टोचणीनंतर तो फुगवटा आला का हे पाहत आणि आला नाही तर सुई खोल गेली असे स्वतःशी पुटपुटत. गालावर फारसे दुखले नाही. वरच्या ओठावर मात्र मलमाचा काहीही उपयोग झाला नाही आणि दोन्ही डोळ्यांतून आपोआप पाणी आले. फुगवटे अर्ध्या तासात बसले, चुरचुर संध्याकाळपर्यंत राहिली. दुसऱ्या दिवशी गालावर दोन ठिकाणी निळे वण होते, जे जायला आठवडा लागला.

माझ्या दर दोन आठवड्यांनी अशा सहा बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीपर्यंत मला काही फरक दिसला नाही. चौथीनंतर डागांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या, म्हणजे रंग एकदम उतरण्याऐवजी डागाची हद्द पुसट झाली. सहावीनंतर गाल बरेच स्वच्छ झाले, कपाळ फारसे नाही. पुढे पाच महिने ते टिकले, त्यानंतर सुट्टीत आठ दिवस समुद्रकिनारी राहिले आणि परत आले तेव्हा गालांवर सावली आलेली होती. ती पूर्वीइतकी गडद नव्हती, पण होती.

एक चूक माझ्या हातून झाली ती नोंदवते. इंजेक्शने सुरू झाल्यावर ‘आता मोठा उपचार चालू आहे’ या समजुतीने मी रात्रीचे मलम आणि दिवसाचे सनस्क्रीन दोन्हींत ढिलाई केली. डॉक्टरांनी तिसऱ्या बैठकीत ते बरोबर ओळखले. चौथीनंतर दिसलेला फरक सुईचा किती आणि पुन्हा नियमित सुरू केलेल्या सनस्क्रीनचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

अंकगणित

मधली ओळ यांच्या शेवटच्या वाक्यात या विषयावरील बहुतेक संशोधनाची अडचण आलेली आहे. पानगळ यांनी दिलेल्या कोरियातील अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सर्वांनाच औषध दिले आणि आधीचा व नंतरचा आकडा पाहिला. वांग ऋतूप्रमाणे गडद-फिके होतात, आणि अभ्यासात नाव नोंदवलेली व्यक्ती ऊन अधिक कसोशीने टाळते. त्यामुळे १३.२२ ते ७.५७ या घटीतला किती भाग औषधाच्या पदरात टाकायचा, हे त्या अभ्यासावरून ठरत नाही. तो अभ्यास निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. त्याने पुढच्या अभ्यासांना मात्रा आणि पद्धत दिली.

मासी निर्देशांकाबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण ‘चाळीस टक्के सुधारणा’ असे वाचले की डाग चाळीस टक्के पुसला गेला असे वाटते. कपाळ, दोन गाल आणि हनुवटी अशा चार भागांत डागाने व्यापलेले क्षेत्र, गडदपणा आणि सलगपणा यांना गुण देऊन, कपाळ व गाल प्रत्येकी ३० टक्के आणि हनुवटी १० टक्के या वजनाने ते एकत्र केले जातात. कमाल गुण ४८ होतात. गडदपणा डोळ्यांनी पाहून ० ते ४ असा ठरवतात, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात ‘तीन’ आणि ‘दोन’ यांच्या मधली जी रेघ आहे, तिच्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. तपासणाऱ्याला कोणता उपचार दिला आहे हे ठाऊक असेल, तर ती रेघ नकळत सरकते.

दोन गटांची तुलना करणारा एक अभ्यास २०१३ साली भारतातून प्रसिद्ध झाला. ६० जणांपैकी निम्म्यांना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड सुईने टोचले, तर उरलेल्यांना आधी बारीक सुयांच्या रोलरने त्वचेला छिद्रे पाडून त्यावर तेच औषध लावले. चार-चार आठवड्यांच्या अंतराने तीन बैठका झाल्या. टोचलेल्या गटात मासी ३५.७२ टक्के, तर छिद्रे पाडलेल्या गटात ४४.४१ टक्के घटला आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. छिद्रांच्या पद्धतीत औषध अधिक समान पसरते असे त्या संशोधकांचे म्हणणे होते, ते पटण्यासारखे आहे. एक सेंटिमीटर अंतरावर टोचलेल्या टिंबांच्या मधल्या जागेत काय पोहोचते, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

गोळ्या आणि इंजेक्शने यांच्या थेट तुलनेतही एकवाक्यता नाही. २०१७ च्या एका अभ्यासात दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच फायदा झाला, तर २०१९ च्या एका अभ्यासात गोळ्यांचा गट पुढे राहिला. औषधाची तीव्रताही सर्वत्र एक नाही. कुणी मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम वापरतात, कुणी १०, कुणी त्याहून अधिक. कुणी दर आठवड्याला देतात, कुणी महिन्याला. त्यामुळे ‘ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचे इंजेक्शन’ हे नाव एकच असले, तरी दोन दवाखान्यांत त्याचा अर्थ निराळा असू शकतो.

माहितीपत्रकांत कदाचित मेसोथेरपीचाही उल्लेख असेल. १९५२ साली फ्रान्समध्ये मिशेल पिस्तोर यांनी सुरू केलेली ही पद्धत म्हणजे थोडे थोडे औषध त्वचेत अनेक ठिकाणी टोचणे. हल्ली त्या नावाखाली जीवनसत्त्वे, हायल्युरॉनिक ॲसिड, ग्लुटाथायोन आणि आणखी बरेच काही एकत्र मिसळून देतात. मिश्रणात सहा घटक असतील आणि फायदा झाला तर श्रेय कोणाचे, आणि गाठ आली तर दोष कोणाचा, हे शोधायला वाव उरत नाही. सामन माशाच्या डीएनएपासून बनवलेल्या पॉलिन्यूक्लिओटाइडची इंजेक्शनेही आता वांगासाठी सुचवली जातात. त्वचेची भरपाई आणि पोत यांसाठी त्यांचा विचार होतो हे समजू शकते, पण वांगावरचा त्यांचा पुरावा ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या तुलनेतही तुटपुंजा आहे.

लाल नळी

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे आणि पीआरपी तयार करण्याचे काम अनेकदा केले आहे. पानगळ यांनी जागा मोकळी सोडली आहे, म्हणून लिहितो.

रुग्णाच्या दंडातून १० ते २० मिलिलिटर रक्त घेऊन ते न गोठू देणारे द्रव्य असलेल्या नळीत भरतात. नळी यंत्रात गरगर फिरवली की लाल पेशी तळाशी जातात, वर पिवळसर द्रव राहतो आणि दोन्हींच्या मध्ये एक पांढुरका पापुद्रा दिसतो. कौशल्य त्या पापुद्र्यापाशी लागते. पिपेट किंचित खाली गेली की लाल पेशी येतात, वर राहिली की प्लेटलेट मागे उरतात. काही जण एकदाच फिरवतात; काही जण वरचा द्रव काढून पुन्हा फिरवतात आणि तळाच्या थोड्याशा द्रवात प्लेटलेट गोळा करतात. माणसाच्या रक्तात प्रत्येक मायक्रोलिटरमागे साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि पीआरपीत ती संख्या दहा लाखांच्या आसपास असावी असे सामान्यपणे मानतात. प्रत्यक्षात तयार झालेल्या द्रवातील प्लेटलेट मोजून पाहणारे दवाखाने मी फार थोडे पाहिले आहेत. दीड लाखाची व्यक्ती आणि चार लाखांची व्यक्ती यांची नळी एकाच यंत्रात, एकाच वेगाने फिरवली, तरी हाती येणारे औषध एक नसते.

वांगावर त्याचा उपयोग का व्हावा, याचे स्पष्टीकरण प्लेटलेटमधून सुटणाऱ्या वाढघटकांत शोधतात. त्यांतील एक घटक रंगपेशीतील मेलॅनिननिर्मिती मंदावतो असे प्रयोगशाळेत दिसले आहे. माणसांवरचा पुरावा आरंभी एकाच रुग्णाच्या नोंदीपुरता होता: २०१४ साली तुर्कस्तानातील डॉक्टरांनी तीन बैठकांनंतर एका स्त्रीच्या डागांत ८० टक्क्यांहून अधिक फरक पडल्याचे लिहिले. त्यानंतर अर्ध्या चेहऱ्यावर पीआरपी आणि अर्ध्यावर साधे सलाईन अशा पद्धतीचे लहान अभ्यासही झाले आणि त्यांचा कौल अनुकूल आहे. गट मात्र लहान आहेत आणि पाठपुरावा काही महिन्यांपलीकडे जात नाही.

‘स्वतःचेच रक्त आहे, त्यामुळे धोका नाही’ हे वाक्य मला खटकते. आपलेच रक्त आपल्याला परत मिळाले, तर ॲलर्जीचा प्रश्न जवळजवळ उरत नाही हे खरे. पण ते आपलेच आहे याची खात्री नळीवरच्या चिठ्ठीने होते, आणि सुई दुसऱ्या कुणाच्या रक्ताला लागलेली नाही याची खात्री दवाखान्याच्या शिस्तीने. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका ठिकाणी असे चेहऱ्याचे उपचार घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोंदले आहे. तेव्हा आपण गेलात तर नळीवर नाव आपल्यासमोर लिहिले जाते का आणि सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का, एवढे अवश्य पाहा. विचारायला संकोच वाटू देऊ नका. आम्हाला रोज विचारतात.

प्लेटलेट कमी असणे, रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे आणि चेहऱ्यावर चालू जंतुसंसर्ग असणे या अवस्थांत पीआरपी करू नये.

पानगळ

लाल नळी यांचे आभार. आता ग्लुटाथायोनविषयी लिहितो, आणि इथे माझा सूर थोडा कडक होईल.

ग्लुटाथायोन आपल्या पेशी स्वतः तयार करतात. मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला ते आवर घालते आणि गडद मेलॅनिनऐवजी फिकट मेलॅनिन बनवण्याकडे कल वळवते, हा त्यामागचा तर्क. शिरेतून दिलेले ग्लुटाथायोन मात्र रक्तात काही मिनिटांतच निम्म्यावर येते. शिवाय त्याचा उद्देश सर्वांगाचा वर्ण उजळ करणे हा असतो. समजा तो साधला, तरी डाग आणि भोवतालची त्वचा दोन्ही एकेक पायरी फिकी होतील आणि त्यांच्यातले अंतर, ज्याला आपण वांग म्हणतो, तसेच राहील.

२०१६ साली पाकिस्तानात झालेल्या एका लहान तुलनात्मक अभ्यासात शिरेतून ग्लुटाथायोन घेतलेल्यांपैकी काहींना वर्ण उजळल्यासारखा वाटला, पण तो परिणाम काही महिन्यांत ओसरला. त्याच अभ्यासात काहींच्या यकृताच्या चाचण्या बिघडल्या आणि एका व्यक्तीला तीव्र ॲलर्जीचा झटका आला. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच या वापराविरुद्ध सूचना काढली होती आणि तीत त्वचा सोलवटून काढणाऱ्या गंभीर प्रतिक्रियांचा व मूत्रपिंडावरील परिणामांचा उल्लेख होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्वचा उजळवण्यासाठीच्या एकाही इंजेक्शनाला मान्यता दिलेली नाही आणि २०१५ मध्ये लोकांना तसे जाहीरपणे बजावले. सोबत दिल्या जाणाऱ्या क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या लाल पेशी फुटू शकतात आणि मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे साचू शकतात. इतका धोका पत्करून ज्या दुखण्यासाठी ते दिले जाते, ते दुखणे त्याने नीट बरेही होत नाही. माझ्या कुटुंबातील कुणाला मी ते घेऊ देणार नाही.

उरलेल्या दोघांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडला मी पुढे ठेवतो, कारण त्याची मात्रा मोजता येते आणि अभ्यास अधिक आहेत. पण तेही मलम आणि सनस्क्रीन यांच्या जोडीला. त्यांच्या जागी नव्हे. सनस्क्रीनही साधे नको, तर आयर्न ऑक्साइड असलेले, म्हणजे रंगाची छटा असलेले घ्यावे, कारण वांग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या निळ्या-जांभळ्या प्रकाशानेही गडद होतात आणि पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. हा प्रकाश आणि अतिनील किरणांचा मोठा भाग खिडकीच्या काचेतूनही आत येतो.

इंजेक्शनाआधी एकदा वुड्स दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली, किंवा डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, डागांची तपासणी करून घ्या. वरच्या थरातील रंग त्या दिव्यात ठळक होतो, खोल थरातील होत नाही. गडद त्वचेवर ही तपासणी तितकी भरवशाची नसते. तरीही डर्मोस्कोपचा आणखी एक उपयोग आहे. चेहऱ्यावरचा प्रत्येक तपकिरी डाग वांग नसतो. लायकेन प्लेनस पिग्मेंटोसस या विकाराचे करडे डाग वांगासारखे दिसतात आणि त्यांत सुई टोचलेल्या जागी नवीन डाग उठू शकतात. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे वापरल्याने येणारा ओक्रोनोसिस हा निळसर-काळा डागही वांग समजून आणखी हायड्रोक्विनोनने ‘बरा’ करण्याचा प्रयत्न झालेला मी पाहिला आहे.

चाफेकळी

सर्वांचे मनापासून आभार. गर्भनिरोधक गोळीबद्दल त्या केंद्रात मला कुणी विचारले नव्हते आणि तिचा संबंध असेल असे मनातही न आल्यामुळे मीही सांगितले नव्हते. पाकीट पाहिले; गोळीत इस्ट्रोजेन आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणे झाले असून त्या मला संप्रेरकविरहित तांबी सुचवत आहेत.

अंकगणित यांचे वाचून मी केंद्रात पुन्हा जाऊन ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड किती पातळ करून देता, असे विचारले. तिथल्या सहायिकेने कुपी आणि सिरिंज दाखवली आणि ‘चार खुणांपर्यंत औषध, बाकी सलाईन’ असे सांगितले. कुपीवर ५ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम असे लिहिलेले होते. सिरिंजवर एकूण खुणा चाळीस होत्या. याचा अर्थ मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम असाच घ्यायचा का?

अंकगणित

नाही. कुपीत मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध आहे. ज्या एक मिलिलिटरच्या सिरिंजवर शंभर खुणा असतात, तिच्यावर चार खुणा म्हणजे ०.०४ मिलिलिटर, अर्थात ४ मिलिग्रॅम. आपण पाहिलेल्या सिरिंजवर तेवढ्याच एक मिलिलिटरला चाळीस खुणा आहेत, म्हणून तिच्यावर चार खुणा म्हणजे ०.१ मिलिलिटर, अर्थात १० मिलिग्रॅम. अभ्यासांत १० चीही तीव्रता वापरलेली आहे, तेव्हा हे घातक आहे असे नाही. पण देणाऱ्याला आपण चार देत आहोत असे वाटत असेल आणि प्रत्यक्षात दहा जात असतील, तर मी त्या खुर्चीत बसणार नाही.

चाफेकळी

मीही उठून आले. आता माझ्या जुन्या त्वचारोगतज्ज्ञांकडे डर्मोस्कोपची तपासणी झाली आहे. डाग मिश्र थरांतले आहेत आणि ते वांगच आहेत. गोळी बदलून, छटा असलेले सनस्क्रीन आणि रात्री ॲझेलाइक ॲसिडचे मलम असे १२ आठवडे करून पाहायचे, आणि त्यानंतर उरेल त्या डागांपुरतीच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची सुई, असे त्यांनी ठरवून दिले आहे. आज सकाळी उत्तरेकडच्या खिडकीपाशी, दिवा न लावता, दोन्ही गालांची छायाचित्रे काढून ठेवली. पुढची त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी काढून इथे आकड्यांसह लिहीन.